बळीभाऊ आणि निरोपांची रांग

बळीभाऊंना चालू कॉम्प्युटरची वायर उपटायची सवय आहे. हिंगोलीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, आणि बळीभाऊ आमचे सगळ्यात जुने प्रोग्रॅमर.

झालं असं, की रिपोर्ट सेव्ह केला की पेशंटला मेसेज जायचा, आणि तो जाईपर्यंत लॅबवाल्याचा स्क्रीन अडकून पडायचा. उपाय ठरला: मेसेज एका रांगेत टाकायचे, मागच्या मागं ते जात राहतील. अशी रांग सांभाळणारी तयार सॉफ्टवेअरं मिळतात. त्यातलं एक निवडायचं काम बळीभाऊंकडे दिलं. दोन दिवसांचं काम, त्यांनी पावणेदोन महिने घेतले.

पोरीसाठी स्थळं बघावीत तशी त्यांनी ती बघितली. रॅबिटएमक्यू? "हुशार हाय, पण खटलं मोठं." काफ्का? "हे धरण झालं. आपल्याला हौद पायजे." रेडिस? "चपळ हाय. पण लाइट गेली तर ध्यानात ठेवल का?"

मग परीक्षा. एक ते दहा नंबर घातलेले मेसेज रांगेत लावायचे, मधेच वायर उपटायची, पुन्हा चालू करून दहाही पोचले का बघायचं.

"भाऊ, एखादा हरवला तर हरवला," मी म्हणालो.

"काहून? तोच एखाद्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट असला तर?"

मी वायर परत खोचून दिली.

शेवटी त्यांनी आमच्याच डेटाबेसात, जिथं रिपोर्ट साठतात तिथं, एक साधं टेबल केलं आणि तीच रांग ठरवली. वायर उपटली तरी दहाच्या दहा. चाचण्या संपल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "वाच."

चाचणीचे सगळे मेसेज त्यांच्याच मोबाइलवरून शिरड शहापूरच्या एकाच नंबरावर गेले होते, त्यांच्या थोरल्या भावाच्या. एका लग्नातल्या मानपानावरून दोघं पाच वर्षं बोलत नव्हते.

"दुसरा नंबर पाठ नव्हता," बळीभाऊ पुटपुटले.

खाली दादांची उत्तरं होती. "दहा आले." "आज नऊच. सात नंबरचा न्हाई." "तिसरा दोनदा आला." आणि सगळ्यात शेवटी: "तीन दिवस झाले, काहीच आलं न्हाई. तब्येत बराबर हाय ना?"

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहू नका. फोन लावा."

ते गॅलरीत गेले. "दादा, बळी बोलून राहिलो," एवढंच मला ऐकू आलं. पुढं बराच वेळ ते नुसतं "व्हय, व्हय" म्हणत उभे होते.