निंबवाडीची हरकत

सुनावणी दुपारी चारची आणि सुभेदार लालासाहेब पहाटे चारपासून बूट घालून तयार. चहा प्यायले तो उभ्यानं, भाकरी खाल्ली ती फेऱ्या मारत.

“आवं, जरा बुड टेका की,” रंगूबाई वैतागल्या. “फरशी झिजली.”

“फरशीचं काय घिऊन बसलीस? घर ऱ्हातंय का बघ आधी!”

सुभेदारांचं खोटं नव्हतं. सांगली वाढता वाढता थेट निंबवाडीच्या वेशीपर्यंत आली होती. नव्या विकास आराखड्यात ऐंशी फुटी रस्ता आखला होता, आणि तो सुभेदारांच्या देवघरातून शिरून न्हाणीतून बाहेर पडत होता. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या तंबूत काढून माणसानं हौसेनं एक घर बांधावं, आणि त्यावरून डंपर जावेत! सहा महिन्यांपूर्वी त्यांनी लेखी हरकत दिली होती. आज विश्रामबागेतल्या नगररचना कार्यालयात शेवटची सुनावणी होती. निंबवाडीला अर्धा तास मिळाला होता, चार ते साडेचार. पाचनंतर कुणाचाच कागद घेणार नव्हते.

जीप दोनला निघायची होती. सरपंच नाथाजी उगवले पावणेतीनला. बरोबर पंधरा-वीस माणसं आणि एक भलीमोठी पिशवी. पिशवीत फेटा, शाल, हार आणि नारळ.

“हे कशाला?” सुभेदार ओरडले.

“मॅडम नव्या हायत. पैल्यांदा भेटतुया. रिकाम्या हातानं जायचं व्हय?”

“सरपंच, आपुन भांडायला चाललोय!”

“भांडू की! पर आधी सत्कार. गावाची रीत हाय ती.”

रीत होती खरी. निंबवाडीत गुरांचा डॉक्टर आला तरी शाल, वायरमन आला तरी नारळ. मागच्या वर्षी वीज तोडायला आलेल्या माणसालाही हार घालूनच खांबावर चढवलं होतं. काम संपवून तो बिचारा ओशाळून पाया पडून गेला.

कार्यालयात पोचायला चार वाजून पाच मिनिटं झाली. सुनावणी घेणाऱ्या संयोगिता मॅडमनी सकाळपासून चार गावांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पाचवं गाव हार घेऊन आलेलं बघून त्यांचा विश्वासच बसेना. गावातले आकारामतात्या फेटा बांधायला लागले. तात्यांचा फेटा म्हणजे घाईचं काम नव्हे. दोनदा सोडला, तिसऱ्यांदा मनासारखा बसला. मग फोटो. सगळ्यांचा एक, मग ज्याचा त्याचा वेगळा. सुभेदार घड्याळाकडे बघून नुसते चरफडत होते. सव्वाचार झाले.

आणि तेवढ्यात नाथाजींनी घसा खाकरला. समोर वीस माणसं आणि खुर्चीत पाहुणा दिसला की त्यांना भाषण आवरत नसे. भाषण एकच होतं. बारशाला तेच, तेराव्याला तेच.

“विकासाची गंगा आमच्या दारात आणल्याबद्दल मॅडमचं आभार मानावं तेवढं थोडं हायत! निंबवाडीचा माणूस विकासाला कवाच आडवा आला न्हाई!”

टाळ्या पडल्या. सुभेदारांनी बाही ओढली. “सरपंच, रस्त्याचं बोला, रस्त्याचं!”

“व्हय, रस्ता! रस्ता तर झालाच पायजे!”

आता तर टाळ्यांचा कडकडाट झाला. साडेचार वाजले. कोपऱ्यातला लिपिक लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, “निंबवाडी, हरकत नाही. पुढचं गाव!”

सगळे खुशीत बाहेर पडले आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसले. सुभेदार मात्र उलटे फिरले, शिपायाला बाजूला सारून आत घुसले. “मॅडम, माझी हरकत हाय! माझं घर जातंय!”

मॅडमनी फेटा सावरत नकाशा उलगडला. “अहो, तुमची हरकत तर कधीच मान्य झाली. सुधारित नकाशात रस्ता ओढ्यापलीकडे नेलाय. तो नकाशा ग्रामपंचायतीला पाठवून दोन महिने झाले. पोच म्हणून सरपंचांची सहीसुद्धा आहे. आजची सुनावणी त्याच्यावरच होती.”

सुभेदारांनी नकाशा जवळ ओढून पाहिला. घर वाचलं होतं! त्यांनी मॅडमना कडक सॅल्यूट ठोकला. मग सहज नव्या रस्त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट थांबलं. ओढ्यापलीकडे एकच इमारत होती: नाथाजींचं मंगल कार्यालय. पाडव्यालाच उद्घाटन झालं होतं.

“ह्येंची हरकत आता घ्याल?”

“पाचच्या आत लेखी आली तर नक्की घेऊ. नाहीतर आज आराखडा कायम होणार.”

सुभेदार पळत सुटले. चार बेचाळीस.

“सरपंच, उठा! कागद लिवा आधी!”

“बसा, सुभेदार. तुमचं दुःख कळतंय मला.”

“माझं न्हाई वो, तुमचं!”

“तेच म्हंतोय. तुमचं दुःख त्ये माझंच दुःख.”

“नकाशा बदललाय...”

“नकाशात काय आसतंय? रेघा!” नाथाजी उठून उभे राहिले. बाकड्यांवर वीस माणसं होती, त्यात भजीची गिऱ्हाइकं. “मंडळी, विकास म्हंजी कुणाचं तरी छप्पर जाणारच. पर ज्येचं जातंय त्यानं रडायचं नसतंय...”

“अवो, पर ऐका तरी...”

आकारामतात्यांनी सुभेदारांना खांद्याला धरून खाली बसवलं. “सुभेदार, मधी बोलू नगा. तुमच्यासाठीच बोलत्यात.”

सुभेदारांनी आणखी दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या, त्यांना भरून आलंय असं समजून. गंगा आली, त्याग आला, फौजेतला जवान आला. शेवटी डोळे पुसून नाथाजी खाली बसले. समोर पहारेकऱ्यानं कार्यालयाचं फाटक ओढून घेतलं. पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

“हां, बोला आता,” नाथाजी प्रेमानं म्हणाले. “काय म्हणत हुता?”

सुभेदार पहाटेपासून पहिल्यांदाच बाकड्याला पाठ टेकून बसले.

“चा प्या आधी,” ते म्हणाले. “मग सांगतो.”