लटारूची विनापरवानगी गैरहजेरी

आमच्या एटापल्ली रस्त्यावरच्या लाकूड आगाराचा चौकीदार लटारू १९९२च्या मार्चमध्ये तीन दिवस विनापरवानगी गैरहजर राहिला. अकरा वर्षांत प्रथमच. मी तेथला बडा बाबू. त्याच्या बडतर्फीचा कागद तयार करणे मला भागच होते.

ते तीन दिवस तो गडचिरोलीच्या कोर्टात होता. सागवानचोर त्यानेच पकडले होते आणि साक्षीला जाण्याचे पत्र मीच त्याला दिले होते. पण पत्राची प्रत खटल्याच्या फाईलमध्ये आणि हजेरी हजेरीपटात. फाईल उठून हजेरीपटाला भेटायला जात नाही, हे लोकांना कळत नाही. शिवाय आमच्याकडे कामाची वाटणी चोख आहे. मी लिहितो, वाचायचे ते साहेबांनी. साहेब सही करतात, वाचायचे ते मी.

खुलासाही रीतसर मागवला होता. नोटीस आगाराच्या पत्त्यावर गेली. तेथले टपाल चौकीदार घेतो आणि चौकीदार साक्षीला गेलेला. नोटीस ‘घेण्यास कोणी हजर नाही’ या शेऱ्यासह परत आली. गैरहजेरीचा याहून भक्कम पुरावा कोणता?

“बाबूजी, तुमीच त मले धाडलं,” लटारू म्हणाला. “अन् तुमीच काऊन काढून राह्यले?”

“कायद्यात सोय आहे, लटारू. आधी साहेबांकडे अर्ज. मग कामगार अधिकारी. मग चंद्रपूरचे कामगार न्यायालय.”

त्याला लिहिता येत नसल्याने अर्ज मीच लिहून दिला. तो फेटाळावा अशी टिपणीही मीच लिहिली. साहेबांनी दोन्हींवर ‘मान्य’ म्हणून सही केली. आम्ही टिपणी ग्राह्य धरली.

पुढे सात वर्षे तारखा पडल्या. कचेरीतर्फे मी जायचो. दोघे एकाच एसटीने जायचो, एकाच बाकावर बसायचो. त्याच्या बायकोने, गुणाबाईने, बांधून दिलेली भाकर तो मला अर्धी द्यायचा. खरे सांगतो, घेताना लाज वाटायची. पण हजेरीपटात लाजेचा रकाना नाही.

शेवटी, नोटीस त्याला मिळालीच नव्हती एवढ्यावर तो जिंकला. सोमवारी खाकी घालून कामावर आला. मंगळवारी त्याला पुन्हा साक्षीचे समन्स आले. सागवानचोरीचा खटला अजून चालूच होता.

मी पेन उघडले. “या वेळी नीट लिहितो.”

“लिवू नोका, बाबूजी,” त्याने हात जोडले. खिशातून घडी घालून घालून फाटलेले जुने पत्र काढले. “या खेपेस फकत वाचा.”

बावीस वर्षांच्या नोकरीत मी प्रथमच स्वतः दिलेले पत्र वाचले. तळाशी छापले होते: ‘साक्षीचे दिवस कामावर हजर समजावेत.’

ते पत्र साहेबांनी पाहिले होते, कामगार अधिकाऱ्यांनी पाहिले होते, दोन्हीकडच्या वकिलांनी त्यावर शिक्के मारले होते. या सगळ्या प्रकरणात वाचता न येणारा एकटा लटारू. बाकी आम्ही सगळे शिकलेले; तुमच्यासारखेच, खाली खूण दिसेल तिथे सही करणारे.