कोडीकाकांचे हस्तांतरण

मंगळवारी कोडीकाकांनी आपल्या संगणकाची अंतर्गत प्रकृती सुधारून घेतली आणि बुधवारी सकाळी संगणकाने त्यांना ओळख दाखवायचं बंद केलं. पडदा काळा झाला आणि मधोमध पांढरी अक्षरं उमटली : 'हे यंत्र आमच्या परिचयाचे नाही. परवाना ज्या यंत्रास दिला होता, ते सादर करावे.'

खरं तर यंत्र तेच होतं. खोकं तेच, खोक्यावरचा चहाच्या कपाचा गोल डागही तोच. फक्त आतला मदरबोर्ड बदलला होता, कारण जुना इतका संथ झाला होता, की एक अक्षर दाबून काका दाढी उरकून यायचे.

पंचाईत अशी, की शुक्रवारचं शब्दकोडं त्याच खोक्यात अडकलं होतं. काका एकोणीस वर्षं वर्तमानपत्राला दर शुक्रवारी कोडं देत होते. खाली बक्षिसाचं कूपन, कूपनावर 'अटी वाचल्या, मान्य आहेत' असा चौकोन, हा सगळा संसारही त्यांचाच. एकही शुक्रवार चुकला नव्हता. अपेंडिक्स काढलं त्या आठवड्यातसुद्धा त्यांनी पडल्या पडल्या 'टाके' हा शब्द उभा बसवला होता. कोडं गुरुवारी पाचच्या आत पोचावं लागे, आणि कागदावरचं घेणं वर्तमानपत्राने केव्हाच बंद केलं होतं.

संपादक फोनवर फारच समजूतदारपणे बोलले. "नाही जमलं तर राहू द्या काका. त्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात टाकतो."

जाहिरात एकदा त्या चौकोनात शिरली की तिथून हलणार नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी काका आणि काकू संगणकातली प्रणाली विकणाऱ्या कंपनीच्या परवाना हस्तांतरण केंद्रात हजर झाले. काकूंच्या पिशवीत जुना मदरबोर्ड होता. तो त्यांनी गॅलरीतल्या डगमगणाऱ्या कोरफडीच्या कुंडीखाली सरकवला होता. आता तो काढल्यामुळे कुंडी पुन्हा डगमगत होती, आणि काकूंचा अर्धा जीव तिकडेच होता.

अडीच तासांनी नंबर लागला. काचेपलीकडे हस्तांतरण अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी बोर्डावरची माती फुंकली आणि विचारलं, "हे यंत्र जिवंत आहे की मृत?"

"मृतच म्हणा," काका म्हणाले.

"मग परवाना त्याच्याबरोबर संपला."

"नाही, तसं चालतं अजून. हळू चालतं, एवढंच."

"मग परवाना त्याच्याकडेच आहे. जिवंत यंत्राचा परवाना आम्ही कसा काढून घेणार?"

काका काचेजवळ सरकले. "मग हस्तांतरण नक्की होतं तरी कधी?"

"दोन्हींच्या मधे," बाई शांतपणे म्हणाल्या. "यंत्र शेवटच्या घटका मोजत असताना, पण शुद्धीवर असताना. त्याने स्वतः हक्क सोडायला हवा. दोन नंबरच्या खोलीत जा."

दोन नंबरच्या खोलीतल्या तंत्रज्ञाने बोर्डाला तारा जोडल्या, पंखा लावला आणि सुमारे दीड तास त्याची शुश्रूषा केली. अखेर दिवा लुकलुकला. हक्क सोडायला यंत्राची ना नव्हती. त्याची अट एकच होती : आपला मूळ वापरकर्ता समोर हवा. काका कॅमेऱ्यासमोर बसले. यंत्राने त्यांना निरखून पाहिलं आणि लिहिलं, 'हे गृहस्थ आमच्या परिचयाचे नाहीत.'

अकरा वर्षांपूर्वीच्या नोंदीत काकांना जाड चष्मा होता, झुपकेदार मिशी होती आणि स्वतःचे दात होते. मधल्या काळात मोतीबिंदू निघाला, कवळी आली आणि मिशी काकूंच्या सांगण्यावरून गेली.

"बोर्ड तर तोच आहे," मागोमाग आलेल्या अधिकारी बाई म्हणाल्या. "बदललेले तुम्ही आहात. स्वतःचं उन्नयन करण्यापूर्वी कळवायला हवं होतं."

"अहो, पण मी मीच आहे ना."

"असं प्रत्येक जण म्हणतो. ओळख पटवणारं कुणी आहे?"

काकू पुढे सरसावल्या. बाईंनी फॉर्म ओढला. "हे गृहस्थ तुमच्या लग्नाच्या वेळी होते तेच आहेत का?"

काकूंनी काकांकडे बघितलं. बघतच राहिल्या.

"अगं, हो म्हण ना," काका कुजबुजले.

"खोटं कसं लिहून देऊ? ते माझं ऐकायचे. आणि मोजे जागेवर ठेवायचे."

बाईंनी ते शब्दशः उतरवून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. काकांना केसांच्या तेलाचा वास यायला लागला.

"एक मार्ग आहे," बाई म्हणाल्या. "मूळ वापरकर्ता सापडत नाही, असं दाखवू. मग परवाना आणि आतला सगळा ऐवज वारसाकडे जातो. वारस पत्नीने सुचवायचा."

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. "दुसरं कोण आहे? ह्यांनाच करा."

अशा रीतीने कोडीकाका स्वतःचे वारस झाले. बाईंनी पडद्यावर करार उघडला. एकशे बारा पानं, अक्षर मुंगीएवढं, शेवटी एक चौकोन. चार वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती.

"काय लिहिलंय त्यात?" काकूंनी विचारलं.

"बघू नंतर," म्हणत काकांनी चौकोनात बरोबरची खूण केली. बाईंनी तिथूनच घरचं खोकं उघडून कोडं रवाना केलं. वर्तमानपत्राची पोच आली तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. काका इतके खूश झाले, की त्यांनी बाईंचे दोनदा आभार मानले.

कराराची छापील प्रत रविवारी काकूंनी वाचायला घेतली. एकसष्टाव्या पानावर त्या थांबल्या. "मूळ गृहस्थ यापुढे कुठेही आढळल्यास त्यांना तोतया समजण्यात येईल. आणि वारसाने दात, चष्मा किंवा मत बदलण्यापूर्वी कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. हे मान्य केलंत तुम्ही?"

काकांचं तोंड उतरलं. "असलं कुणी वाचतं का?"

"जन्मभर लोकांना शब्द शिकवता आणि स्वतः न वाचता खूण करता. तुमचे वाचक वाचत असतील हो. ती शहाणी माणसं आहेत," असं म्हणून काकूंनी करार कोरफडीच्या कुंडीखाली सरकवला. कुंडी डगमगायची थांबली.

हे काकांना लागलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी कोड्याखालचं कूपन नेहमीसारखंच ठेवलं, फक्त अटींच्या चौकटीत काहीच छापलं नाही. चौकट कोरी, आणि तिच्याखाली 'वरील अटी काळजीपूर्वक वाचल्या, मान्य आहेत.'

आठवड्याभरात चारशे छत्तीस कूपनं आली. काका आणि काकूंनी जेवणाच्या टेबलावर ती एकेक करून तपासली. चारशे छत्तीस खुणा होत्या. एक अधिकारी बाईंची होती, नीट पट्टी लावून केलेली.

तुमचंही कूपन त्यात आहे. काकूंनी ते मुद्दाम वर ठेवलंय, कारण तुम्ही खूण केल्यावर तिच्याखाली सहीसुद्धा केली आहे.