बिनआवाजी बोकड

आमचे शेजारी दत्ताअण्णा घरी आलेल्याला चहा विचारत नाहीत, पडायला सांगतात.

"पड की रं जरा," ते म्हणतात. "तसं न्हाय, पाठीवर. पाय वर गेले पायजेत."

सीमाभागातल्या आमच्या वडगावात, आमच्या गल्लीत अजून न पडलेला माणूस आता शोधावा लागेल. दूधवाला पडलाय. गॅसवाला सिलिंडरसकट पडता पडता वाचलाय. मी तर कॉलेजच्या ऑफिसात खुर्चीवर बसून बसून कंबर गेलेला माणूस, पण मलाही त्यांच्या जिन्यावरून घसरावं लागतं. अण्णा वर उभे राहून भराभर चित्र काढतात आणि म्हणतात, "बेस. पर तोंडावर दचकल्यासारखं आलं न्हाय. परत एकदा."

हा सगळा छळ एका बोकडासाठी.

अण्णांनी जन्मभर पॉवरलूमच्या साड्यांचे काठ काढले. कोयऱ्या आणि मोर, मोर आणि कोयऱ्या. काम सुटल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, देवळाच्या कट्ट्यावर बसतात. अण्णांनी मोबाईलवर कॉमिक सुरू केलं. बरं, पात्रं स्वतःची नाहीत. सिनेमा मुका होता त्या काळात परदेशात जी कार्टून निघाली, त्यातली जगानं पार विसरून टाकलेली पात्रं यांनी उचलून आणली. शेपटीला गाठ पडलेला एक बोकड, आणि त्याच्यामागं कायम धावणारा लांब नाकाचा हवालदार.

"मालकाला विचारलंय का?" मी ऑफिसातला माणूस, मला आधी परवानगी सुचते.

"मालक मेला, कंपनी बुडाली. कायद्यानं बी ती आता सगळ्यांची झाल्यात. मीच शोधून काढलंय," अण्णा म्हणाले. "बोकड तेवढा जित्ता हाय. त्याला आपण न्हाय विचारलं तर कोण विचारणार?"

तर हा परदेशी बोकड आता शहापुरात मागावरच्या साड्या चघळतो, कंग्राळीच्या शेतात घुसतो, संकेश्वरच्या बसला लोंबकळतो. आणि एक शब्द बोलत नाही. "एखादा संवाद घाला की, लोकांना कळायला नको?" असं मी एकदाच म्हणालो.

"मराठीत घातला तर कन्नडवाले इचारणार, कन्नडात घातला तर तुम्हीच माझ्या दारात येणार. गप हाय तेच बरं हाय."



दर रविवारी सकाळी अण्णा नवा भाग घेऊन आमच्याकडं येत, कारण त्यांच्या मोबाईलवरून तो "वर जात न्हाय". मी तो चढवायचा. मग अण्णा आमच्या सोफ्यावर बसून पडद्याकडं बघत राहायचे. बायकोला झाडू मारता यायचा नाही, मला पेपर वाचता यायचा नाही.

"आला व्हय?"

"काय?"

"अंगठा."

फोटो नसलेल्या, 'निपाणीकर' नावाच्या कुणाचा तरी पसंतीचा अंगठा आला की अण्णा उरलेला चहा एका घोटात संपवून निघायचे. पुण्याच्या कुणीतरी एकदा पानभर कौतुक लिहिलं. अण्णांनी ते वाचलंसुद्धा नाही.

एका रविवारी तो अंगठा आलाच नाही. अण्णा जेवणाच्या वेळेपर्यंत बसले. मग जेवलेही आमच्याकडंच, मोबाईल ताटाशेजारी ठेवून. पुढच्या रविवारी तेच. त्यांनी माझ्या नेटला शिव्या दिल्या, तोच भाग पुन्हा चढवायला लावला, सोमवारी ऑफिसात फोन करून "आता बघ बरं" म्हणून वैताग आणला. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी त्यांच्या बायकोकडं, शांताआक्कांकडं, तक्रार घेऊन गेलो.

आक्का मेथी निवडत होत्या. "त्यो अंगठा वसूचा," त्या म्हणाल्या. "माझा धाकटा दीर. निपाणीला असतोय."

अण्णांच्या वडिलांनी कॅम्पातल्या जुन्या बाजारातून हातानं फिरवायचं एक सिनेमाचं मशीन आणि डबाभर रिळं आणली होती. दोघं भाऊ भिंतीवर धोतर लावून तोच बोकड रोज बघत आणि रोज तितकंच हसत. पुढं घराची वाटणी झाली, भांडण झालं. मशीन वसूबरोबर निपाणीला गेलं, डबा अण्णांकडं राहिला.

"ह्यांनी रिळं दिली न्हाईत, त्यानं मशीन दिलं न्हाय. रिळं चिकटून वडी झाल्यात. तवापासनं अबोला. लग्नात बी एकमेकाकडं पाठ करून जेवत्यात."

"मग फोन करून विचारायचं की, बरा आहेस का म्हणून!"

"अबोला हाय म्हणून आत्ताच सांगिटलं न्हवं?" आक्का माझ्यावरच उखडल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. निपाणीला काम आहे, येता का, असं अण्णांना खोटंच विचारलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. संकेश्वरपर्यंत त्यांनी माझ्या गाडी चालवण्याची चिरफाड केली. त्यानंतर नुसती शर्टाची कॉलर नीट करत बसले.

वसू, म्हणजे वसंतराव, काळा चष्मा लावून कॉटवर पडले होते. सून म्हणाली, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मोबाईल बघायचा न्हाय म्हणून सांगिटलंय डॉक्टरांनी. लई चिडचिड करालेत."

"कोण आलंय?" वसंतरावांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी माझा दंड दाबला. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, भाग उघडला आणि भावापुढं धरला. मग त्या काळ्या चष्म्याकडं बघून त्यांच्या ध्यानात आलं. मोबाईल पुन्हा खिशात गेला. अण्णा माझ्याकडं बघायला लागले, पण या बाबतीत माझा काही उपयोग नव्हता.

ते कॉटच्या कडेला जेमतेम टेकले.

"बोकड," ते म्हणाले, "उसाच्या ट्रॉलीवर चढलाय."

वसंतरावांनी मान आवाजाकडं वळवली. 

"आणि हवालदार?"

"सायकलवरनं मागं लागलाय. नाक हँडलात अडकलंय त्याचं."

"मग?"

"मग काय…" सुनेनं पाणी दिलं, ते त्यांनी सगळं पिऊन टाकलं. "मग दमले दोघं बी. बसल्यात आता बांधावर."

तो भाग मीच चढवला होता. त्यात बांध नव्हता, आणि त्यावर कुणी बसलेलंही नव्हतं.

वसंतरावांनी हळूच पाय आखडून घेतले आणि कॉटवर अण्णांना नीट बसण्याइतकी जागा झाली.