पूजेत बसलेली गिटार

प्रियदर्शनी बँकेतून अर्धी रजा टाकून मलकापूरच्या घरी आली, तेव्हा तिची इलेक्ट्रिक गिटार आंघोळ करून अंगणात ट्रॅक्टरशेजारी उन्हाला बसली होती. बाजूला विळे, कोयता, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि ट्रॅक्टरचे पाने ओळीनं मांडले होते. पाणी सगळ्यांवरूनच निथळत होतं, पण गिटारीवरून जरा जास्त. तिला वायर खोचायचं एक भोक असतं आणि त्या भोकातून थेंब थेंब बाहेर येत होता.

"आलीस व्हय?" सासूबाई अंजनाबाई पदर खोचून, हातात पाण्याचा पाइप धरून उभ्या होत्या. "बग कशी लखलखतीय! ट्रॅक्टरच्या आदी तिलाच धुतली. पट्ट्या काळ्या पडल्या हुत्या, त्यास्नी चिंच लावली, राखंनं घासलं. वरच्या चाव्या लय आवळ फिरत्यात गं, त्यात शिलाई मशीनचं त्याल सोडलं. आन् ती काळी बटनं कुरकुरत्यात, त्यात बी सोडलं. तारांना खोबऱ्याचं लावलंय."

खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन पुजायची असतात हे प्रियदर्शनीला ठाऊक होतं. माहेरी सांगलीलाही आई त्या दिवशी मिक्सरला कुंकू लावायची. पण मिक्सरवर कुणी पाइप धरला नव्हता.

ही गिटार म्हणजे काही राजेशाही वस्तू नव्हे. पहिल्या पगारातून घेतलेली, लालभडक आणि दुकानातली सगळ्यांत स्वस्त. विकताना दुकानदारानंच पडेल आवाजात सांगितलं होतं, "शिकायला ठीक आहे, ताई." बटण फिरवलं की वायरीनं जोडलेल्या भोंग्यातून खरखर यायची आणि दोन गाणी झाली की सूर उतरायचा. सांगलीच्या ज्या ग्रुपमध्ये ती वाजवायची त्याचा म्होरक्या सिद्धू तिला 'खेळणं' म्हणायचा. त्याची स्वतःची गिटार परदेशी. ती मखमली पेटीतून नवरदेवासारखी यायची आणि तशीच परत जायची. त्यानं गेल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून टाकलं होतं, "दसऱ्याच्या कार्यक्रमात तुझ्या खेळण्यानं खरखर केली, तर पुढच्या वेळेपासून तू नुसती कोरसला उभी राहा."

आणि दसरा उद्यावर आला होता.

"आई, पण ही..." तिनं कसाबसा आवाज काढला, "ही धुवायची..."

"धुवायची न्हाई तर काय?" अंजनाबाईंनी पाइप खाली टाकला. "लगीन हून आलीस तवा मला वाटलं, खेळणं हाय. आठ दिस वाजवंल आन् टाकंल माळ्यावर. पर बगतीया की मी. बँकेतनं दमून येतीस, च्याचा कप ठिवतीस आन् पैल्यांदा हिला हातात घेतीस. एक दिस चुकला न्हाई. खेळणं असतं तर कवाच कोपऱ्यात पडलं असतं. ह्ये हत्यार हाय गं. आन् घरातल्या मानसाचं हत्यार पुजंला नगं?"

प्रियदर्शनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्या महिन्यांत सासूबाई गिटारीबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या, नुसत्या बघायच्या. त्या बघण्याची तिला धास्ती वाटायची. आता कळलं की त्या काय बघत होत्या, आणि कळलं ते नेमकं गिटारीच्या पोटात पाणी गेल्यावर. अशा बाईला 'तुम्ही वाट लावलीत' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मी आत नेऊन पुसते," ती पुढं झाली.

"हात लावू नगंस! आता पुजंत बसायची ती. उद्या दसऱ्याला सकाळी उचलायची. आज हत्यारांचा इसावा असतोय."

अशा रीतीनं गिटार देवघरात गेली. एका अंगाला कोयता, दुसऱ्या अंगाला पाने, मध्ये ही लाल बाई. कपाळाला कुंकू, अंगावर हळदीची बोटं, गळ्यात झेंडूची माळ. दर्शनाला आलेल्या शेजारच्या विजयमालाकाकूंनी कोयत्याला एक आणि गिटारीला दोन नमस्कार केले.

स्वयंपाकघरात नवराबायकोची कुजबूज सुरू झाली. "तू सांग की आईला," शंभूराज म्हणाला.

"तुमची आई आहे, तुम्ही सांगा."

"मी? आमटीत मीठ कमी पडलंय एवढं सांगायची हिंमत झाली न्हाई अजून माझी!"

मग त्यानं पुरुषासारखं काहीतरी करायचं म्हणून स्टँडचा पंखा उचलून देवघराच्या दारात आणला, गिटारीवर रोखला आणि पूर्ण जोरात सोडला. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, कोयत्यावरच्या अक्षता उडाल्या आणि घटापुढं नऊ दिवस जपलेल्या नंदादीपाची ज्योत आडवी झाली. अंजनाबाई ओरडतच धावल्या आणि दिव्यापुढं पदर धरून बसल्या.

"आरं, काय डोकं फिरलं का तुजं?"

"न्हाई... म्हटलं, देवाला उकडत असंल."

"नऊ दिस उकडलं न्हाई, आन् आजच उकडाय लागलं व्हय?"

पंखा गेला. तोवर सासरे नाथाजी, फौजेतले निवृत्त हवालदार, या भानगडीत उतरले. त्यांनी सुनेकडून सगळा रिपोर्ट घेतला आणि मिशीवरून हात फिरवला. "घाबरू नगं पोरी. लडाखला आमचा वायरलेस सेट नदीत पडला हुता. तांदळात घालून ठिवला. तांदूळ पानी वडून घेतोय."

लगेच बापलेकांनी पिंपातला इंद्रायणी तांदूळ पाटीनं आणून गिटारीभोवती ओतायला सुरुवात केली. अंजनाबाई बघतच राहिल्या. जन्मात ज्यांनी देवाला स्वतःहून फूल वाहिलं नाही, ते दोघं देवापुढं धान्याची रास घालत होते!

"आवं, ह्ये काय नवीनच?"

"श्रद्धा हाय माझी," नाथाजी गंभीरपणे म्हणाले. "मधी बोलू नगंस."

अंजनाबाईंनी भारावून हात जोडले. रास गिटारीच्या गळ्यापर्यंत आली. बाहेर आल्यावर शंभूराजनं हळूच विचारलं, "आबा, तो सेट परत बोलाय लागला का?"

"न्हाई. पर तांदळाचा भात झ्याक झाला."

दसऱ्याच्या सकाळी अंजनाबाईंनी दोन्ही हातांनी गिटार राशीतून उचलली आणि सुनेच्या हातात दिली. "वाजव बगू."

प्रियदर्शनीनं तारा छेडल्या. बारीक किणकिण झाली. पण भोंग्याशिवाय ही गिटार तेवढीच वाजते, पोटातली तार जिवंत आहे की मेली हे त्यावरून कळत नाही. आणि भोंगा होता सांगलीला.

"वाजतीय की!" अंजनाबाई खूश झाल्या. "चला, आमी बी येतो सांगलीला. हत्यार पुजलंय, चालताना नगं का बगायला?"

प्रियदर्शनीची फजिती व्हायचीच होती, आता ती सहकुटुंब होणार होती.

सांगलीचा हॉल भरलेला. पहिल्या रांगेत अंजनाबाई नवी साडी नेसून, नाथाजी सावधान बसून. सिद्धूनं गिटारीवरचं कुंकू बघितलं, खोबरेल तेलाचा आणि धुपाचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "हे काय, वरातीत वाजवायचंय का?"

तिनं वायर खोचायला भोकाशी नेली तर आतून तांदळाचा एक दाणा स्टेजवर पडला. तिनं डोळे मिटले आणि बटण फिरवलं.

खरखर आली नाही.

मेली, असंच तिला वाटलं. तरी तिनं बोटं मांडली आणि तारांवरून हात ओढला. आणि त्या भरल्या हॉलमध्ये असा स्वच्छ, भरदार, गोल आवाज उठला की तिनं दचकून मागं बघितलं, दुसरं कुणी वाजवतंय की काय म्हणून. मागं कुणी नव्हतं. आवाज तिचाच होता, त्याच स्वस्तातल्या लाल गिटारीचा. मशीनचं तेल प्यालेल्या चाव्या आणि बटणं लोण्यासारखी फिरत होती आणि एकदा लावलेला सूर जागचा हलत नव्हता. एक गाणं झालं, दुसरं झालं, पाचवं झालं तरी सूर जिथल्या तिथं. ढोलकीवाला वाजवता वाजवता तोंड उघडं टाकून बघत होता. जिच्यावर कुणी कधी भरवसा ठेवला नव्हता, ती राख, चिंच, पाणी आणि पोतंभर तांदूळ पचवून अशी गात होती. पहिल्या रांगेतून नाथाजींनी कडक सॅल्यूट ठोकला.

कार्यक्रम संपल्यावर सिद्धू तिला गाठून म्हणाला, "खरं सांग, कुठं सर्व्हिसिंग केलंस?"

"घरीच. आईंनी केलं."

त्यापुढच्या रविवारी सकाळी सिद्धू मखमली पेटी छातीशी धरून मलकापूरच्या अंगणात हजर झाला. "मावशी, हिचं पण जरा बघता का? अलीकडं सूर उतरायला लागलाय."

अंजनाबाईंनी पेटी उघडली. गिटार उलटीसुलटी करून बघितली, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"कवा घेतलीस?"

"झाली तीनचार वर्षं."

"आन् एक बी वरखडा न्हाई?"

"जपतो ना मी," सिद्धू अभिमानानं म्हणाला. "तालमीला काढतच नाही. कार्यक्रमापुरतीच."

अंजनाबाईंनी गिटार पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. "मग ही कशाला धुवायची, बाबा? हिला मळच न्हाई. हत्यार वापरल्याबिगर त्येला काय पुजायचं? रोज हातात घे, घाम लागू दे हिला. फुडच्या खंडेनवमीला घिऊन ये, ट्रॅक्टरच्या आदी धुते."

सिद्धूचा चेहरा एवढासा झाला. अंजनाबाईंना त्याची दया आली. त्यांनी आत हाक मारली, "प्रिया, च्या हुईस्तवर तुजी गिटार दे गं ह्याला. जरा हात बसंल पोराचा."

प्रियदर्शनी गिटार घेऊन दारात आली. सिद्धूनं हात पुढं केले.

"आं आं!" अंजनाबाईंनी नळाकडं बोट दाखवलं. "आदी हात धू. पुजंतली हाय ती."

सिद्धू निमूटपणे नळावर गेला आणि शेजारच्या करवंटीतली राख घेऊन हात घासू लागला.