शीर अक्काची, नाव आकारामचं

रक्त न्यायला आलेल्या लॅबच्या जिनेशनं तिसऱ्यांदा सुई टोचली आणि तिसऱ्यांदा रिकामीच बाहेर काढली, तेव्हा बर्फातल्या चौक्या राखलेला निवृत्त सुभेदार आकाराम स्वतःच्या सोप्यात चक्क केकाटला.

“आरं, शीर हुडकतोयस का बोअर मारतोयस?”

“काय करू काका? शिराच आत पळाल्यात तुमच्या.”

शिरांचा तरी काय दोष! चार वर्षांपूर्वी आकारामला रक्ताचा कॅन्सर झाला आणि पुण्याच्या दवाखान्यात टोचून टोचून त्याच्या हाताची चाळण झाली. शेवटी मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं. पेशी दिल्या थोरल्या बहिणीनं, कडेगावच्या बनुअक्कानं. माणूस वाचला, परत उसाला पाणी पाजायला लागला. पण आजार गेला म्हणून तपासणी संपत नाही, ती जन्मभराची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि मिरजेला डॉक्टर प्रियदर्शनींकडं हजेरी लावायची. या वेळचं रक्त चांगलं आलं तर मात्र पुढची भेट एकदम वर्षानं, असं बाईंनी कबूल केलं होतं. आकारामचा सगळा जीव त्या वर्षभराच्या सुट्टीत अडकला होता. एवढी लांब रजा त्याला पलटणीतसुद्धा कधी मिळाली नव्हती.

तपासणी आली की बनुअक्का हटकून कुंडलला माहेरी यायची. “माझं रगत कसं चाललंय बघाय नगं?” आकारामनं मेथीला नाक मुरडलं की म्हणायची, “तू खाऊ नगंस, माझ्या रगताला घाल.” मालिका बघताना त्याचे डोळे पाणावले तर त्याचंही श्रेय अक्कालाच.

आताही ती समोरच पाय पसरून बसली होती. तिच्या हाताकडं बघता बघता आकारामचं डोकं चालायला लागलं, आणि तिथंच घात झाला.

“जिनेश, माझ्या अंगातलं रगत कुणाचं?”

“अक्कांचं. शंभर टक्के. फायलीत लिवलंय की.”

“मग माझ्याच हाताला भोकं का पाडतोयस? ती बसलीय न्हवं समोर!”

“आवं काका, तसं कसं चालंल?”

“का न चालंल? एका हिरीचं पानी. ह्या काठानं भर न्हाईतर त्या काठानं.”

जिनेशला अजून पलूसपर्यंत चार घरं करायची होती, आणि सुभेदाराचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा. त्यात अक्कानं आपण होऊन बाही वर सारली. “घे रं बाबा. संकष्टी हाय, च्या बी घेतला न्हाई अजून.” अक्काच्या शिरा म्हणजे दोरखंड. एका टोचणीत नळ्या भरल्या. वर नाव चिकटलं ते आकारामचं.

आकारामची बायको शालन डेअरीला दूध घालून आली तोवर सगळं आवरलं होतं.

“आज लवकर घावली शीर?”

“अक्काचा पायगुन,” आकाराम म्हणाला. आता हे काही अगदीच खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शालनच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. साखर तीनशेच्या वर! शालन तडक स्वयंपाकघरात गेली. साखरेचा डबा आणि गुळाची ढेप शेजारी पोचती केली आणि पेलाभर कारल्याचा रस नवऱ्यापुढं आणून ठेवला.

आकारामनं अक्काला परसात गाठलं. “अक्का, ही साकर तुजी हाय.”

“माजी कशानं? नाव तुजं हाय. आन रगत एकच म्हनतोस, मग माजी काय आन तुजी काय?”

हे बिनतोड होतं. आपल्याच दाव्यात सुभेदार आपणच अडकला. त्यानं नाक दाबून रस घशाखाली घातला. दुपारपर्यंत त्याला तहानही लागायला लागली, पायाला मुंग्याही आल्या. अक्का मात्र शेजारी जाऊन आपल्याच माहेरच्या साखरेचा दोन कप चहा पिऊन आली.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. “शालनताई, साखर एकदम वाढलीय, आणि बाकीचे आकडेही मागच्या रिपोर्टशी जुळत नाहीत. मला काळजी वाटतेय. उद्याच घेऊन या त्यांना.”

शालननं फोन ठेवला आणि ती उंबऱ्यावरच बसली. पुण्यात इतके महिने काढले, पण ही बाई कुणासमोर रडली नव्हती. आज तिनं तोंडाला पदर लावला. “ती काचंची खोली मला परत बघवायची न्हाई वं. तुमी आत, आन मी भाईर...”

आकाराम तिच्यापुढं उकिडवा बसला. “आगं, रडू नगं! ते रगत माजं न्हाई. म्हंजे माजंच हाय, पर अक्काच्या हातातनं काडल्यालं!”

शालनचं रडू जागच्या जागी थांबलं. नंतर तिनं जे काय सुनावलं, त्यापुढं पलटणीतल्या साहेबांच्या शिव्या म्हणजे आरतीच. “जीव टांगणीला लागला माजा, आन तुमी पोरखेळ करतायसा? आन वन्सं, तुमी तरी थोरल्या ना वं!” वन्सं उठल्या आणि आपणच कारल्याचा पेला विसळायला बसल्या. हे असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

मिरजेत तिघांकडून हकिकत ऐकून डॉक्टर प्रियदर्शनी आधी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग लॅबला फोन लावून त्यांनी जिनेशची यथासांग पूजा बांधली आणि आकारामकडं वळल्या.

“सुभेदार, ऊस लावता ना? बेणं अक्कांचं. पण रान कुणाचं?”

“माजं.”

“मग तुमच्या रानात खारं पाणी साचलंय का, हे अक्कांच्या रानातली माती तपासून कळेल?”

आकारामनं मान खाली घालून हात पुढं केला. दोन सिस्टरांनी मिळून मनगटामागं एक शीर हुडकली. शालन शेजारीच उभी होती, त्यामुळं या वेळी केकाटायची सोय नव्हती.

दुपार कलता रिपोर्ट आला. साखर उत्तम, बाकीचं सगळं ठीक. “आता वर्षानं या,” डॉक्टर म्हणाल्या, “पण या नक्की.” शालननं भिंतीवरच्या देवाला हात जोडले. आकारामला इतका आनंद झाला की सॅल्यूट ठोकायलाच तो उठला.

“बसा,” डॉक्टर म्हणाल्या. “मग ती तीनशेची साखर कुणाची?”

सगळ्यांनी अक्काकडं बघितलं.

“मला काय धाड भरलीया? हेच्यासाठी पुन्याला गेले तेवडंच. परत दवाखान्याची पायरी चडले न्हाई.”

“तेव्हा नसेल, आता आहे. पायाला मुंग्या येतात?”

“येत्यात की. वय झालं.”

“वय नव्हे, ताई. पण वेळेत सापडलं. अशीच दोन-चार वर्षं गेली असती तर डोळे गेले असते. औषधानं ताब्यात येईल, पण दर तीन महिन्यांनी यावं लागेल.”

अक्काचं तोंड एवढंसं झालं. ज्या बाईनं भावासाठी हसत हसत हात पुढं केला होता, ती आता दोन्ही हात पदराखाली लपवून बसली. “माजी पोरं कुपवाडला कारखान्यात. त्यास्नी सुट्टी न्हाई. मी एकटी यायची न्हाई हां डॉक्टरीनबाई, आदीच सांगते. मला भ्या वाटतं.”

डॉक्टरांनी आकारामकडं बघितलं. शालननंही बघितलं. सुभेदाराची रजा मंजूर होऊन अजून खुर्चीसुद्धा गरम झाली नव्हती.

“आनतो की मी,” आकाराम म्हणाला. “न आनून जातोय कुटं?”

“तुजी सुट्टी गेली रं,” अक्का पुटपुटली.

“जाऊ दे. तू ऱ्हा म्हंजे झालं.”

बाहेरच्या खिडकीवर त्यानं स्वतःच पुढचा नंबर लावला. इतकी वर्षं पुढची तारीख ऐकली की त्याचा चेहरा पडायचा. आज तीन महिन्यांनंतरची तारीख ऐकून तो हसला आणि खिडकीतल्या बाईला म्हणाला, “सकाळचीच येळ द्या मॅडम. आमी दोगं येनार हाय.”