ओल वरूनच आहे

जीवनराव सातपूरच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नाही, म्हणून ते घरच्यांकडे वळले. त्यामुळे हॉलच्या भिंतीवर ओल आली तेव्हा घर काळजीत पडलं आणि जीवनरावांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं.

त्यांनी भिंत बोटाने ठोकली, कान लावून ऐकली, मग हुंगली. नखाने पोपडा उचलला. खाली पांढरा क्षार फुलला होता.

"ओल वरूनच आहे," त्यांनी निकाल दिला. "लताबाईंचं बाथरूम."

"अहो, त्या आठवडाभर ओझरला लेकीकडे होत्या. डाग तरी वाढलाच की," मंजुषाताई म्हणाल्या.

"मुरलेलं पाणी असतं ते. तुला नाही कळायचं."

"पप्पा, डाग तुमच्या फ्रेमखालूनच सुरू होतोय," हर्षाली म्हणाली.

फ्रेममध्ये कारखान्याने निरोपाला दिलेलं सन्मानपत्र होतं, 'दोष शोधण्यातील अचूकतेबद्दल'. ती त्यांनी स्वतः ड्रिल मारून लावली होती. अशा फ्रेमवर संशय घेणाऱ्या मुलीला उत्तर देणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

रविवारी हर्षालीला बघायला सिन्नरची मंडळी येणार होती. "पोरीच्या लग्नाचं आहे, भाऊ, फोडा काय फोडायचं ते," वरच्या लताबाई म्हणाल्या. जीवनरावांनी त्यांच्या बाथरूमची फरशी उखडायला लावली. खाली कोरडी धूळ निघाली.

"अजून खोल जा!" जीवनराव गवंड्याला म्हणाले.

"आता खोल गेलो तर तुमच्याच बाथरूममध्ये उतरेन, काका."

तेव्हापासून लताबाई अंघोळीला खाली येऊ लागल्या. डागही नेमाने वाढत राहिला.

रविवारी मुलाच्या वडिलांनी पोह्यांचा घास घेतला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सन्मानपत्र जरा तिरकं दिसतंय, नाय का?"

जीवनरावांना ते सहन झालं नाही. ते ताडकन उठले. फ्रेम सरळ करायला गेले, तर गंजलेल्या स्क्रूसकट ती हातात आली. मागच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि थेट पाहुण्यांच्या पोह्यात पडली. भिंतीतून जाणारा, जीवनरावांच्याच बाथरूमचा पाइप जीवनरावांनीच भोसकला होता. इतके दिवस तो स्क्रूच बूच होऊन बसला होता.

हर्षालीने धावत जाऊन गच्चीवरचा कॉक बंद केला. त्याबरोबर आतून आवाज आला, "मंजूताई, पाणी गेलं हो!"

जरा वेळाने लताबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून, कानामागे फेस घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सगळा पसारा पाहिला. मग शांतपणे भिंत बोटाने ठोकली, कान लावला, हुंगली.

"बरोबर आहे, भाऊ," त्या डागाच्या वरच्या भोकाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "ओल वरूनच आहे."

"पोरगी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती," मंजुषाताई पुटपुटल्या.

मुलाच्या वडिलांनी मिशीवरचे पोहे झटकले. पलीकडे मुलगा आणि हर्षाली एकाच फडक्याने फरशी पुसत खिदळत होते.

"पोरगी लय आवडली," ते म्हणाले. "लग्नानंतर तुम्हीही आमच्या घरी या, जीवनराव. पण हात खिशात ठेवायचे. आमच्या भिंती नव्या हायेत."